बाबांच्या पिंडाला कावळा शिवला नाही, आणि आई रडत नाही

सुरसागरकाठची

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे. मागे एके ठिकाणी चार ओळींत विचारला होता, तर पहिल्याच उत्तरात मला त्र्यंबकेश्वरचं तिकीट काढायला सांगितलं. म्हणून या वेळी सगळं लिहिते.

आम्ही बडोद्याचे. पणजोबा गायकवाडांच्या खानगी खात्यात (राजघराण्याचा खासगी कारभार) कारकून म्हणून आले आणि मग कोणी परत गेलंच नाही. दांडियाबाजारात जुनं घर आहे, खाली भाडेकरू, वर आई-बाबा. मी गोत्रीला, धाकटा भाऊ कॅनडात. माघात बाबा गेले. वय ८१. मूत्रपिंडं थकली होती, हृदयही. शेवटचे नऊ दिवस आयसीयूत. म्हणजे अकाली काही नाही. येणारा प्रत्येकजण "सुटले बिचारे" म्हणाला आणि ते खरंच होतं.

भाऊ पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून खासवाडीच्या स्मशानात अग्नी मी दिला. खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन तीन फेरे, प्रत्येक फेऱ्याला मागून दगडानं मडक्याला एक भोक पाडायचं आणि धार लागलेली असताना चालत राहायचं. तिसऱ्या फेऱ्यापर्यंत अर्धी साडी भिजली आणि माझ्या डोक्यात काय, तर आता सर्दी होणार. आई घरीच होती. बायकांनी जायचं नसतं म्हणून नव्हे (मी होतेच की), तर तिचे गुडघे. तो दगड, अश्मा, गुरुजींनी डब्यात घालून दिला. दहा दिवस त्याच्यावर तिळाचं पाणी घालायचं. तीन दिवस मी घातलं, मग भाऊ आला, त्यानं घातलं.

बेसणं पाचव्या दिवशी झालं. बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगते: गुजराती पेपरात फोटोची चौकट येते, खाली वेळ, ४ ते ६, आणि शेवटी "लौकिक व्यवहार बंद राखेल छे". हॉल घेतला. पांढऱ्या चादरी, हार घातलेला फोटो, भजनाची सीडी. लोक आले, फोटोला हात जोडले, दोन मिनिटं बसले, आम्हाला हात जोडले, गेले. अडीचशे तरी माणसं आली असतील. आई खुर्चीत बसून सगळ्यांना नमस्कार करत होती, लग्नात करतात तसा. मला त्या दिवशी हे फार सोयीचं वाटलं होतं. कोणी प्रश्न विचारत नाही, कोणी गळ्यात पडत नाही, सहा वाजता पंखे बंद.

भावाचं विमान बाराव्या रात्रीचं. म्हणून दहाव्यापासून पुढचं सगळं चांदोदला, नर्मदेवर, दोन दिवसांत उरकलं. पिंड ठेवले. कावळे नव्हते असं नाही, तीन होते. एक उतरला, चार पावलं आमच्या पिंडाकडे चालला आणि वळून शेजारच्या कुटुंबाच्या पिंडावर बसला. मग सुरू झालं, इच्छा काय राहिली असेल? काका म्हणाले, "आईला सांभाळू." काही नाही. मी म्हणाले, "औषधांची उरलेली बिलं देऊ." काही नाही. भाऊ हळूच म्हणाला, "घर विकणार नाही." त्यावर आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो, कावळा सोडून. सव्वा तास झाल्यावर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिवून घेतला.

आता खरं दुखणं. आई रडलेली नाही. एकदाही नाही. जेवते, टीव्ही लावते, भाजीवाल्याशी घासाघीस करते. पण रात्री दोन-अडीचला उठते, तांब्या भरते, वर फुलपात्र झाकते आणि बाबांच्या पलंगाशी नेऊन ठेवते. सकाळी ते पाणी तुळशीला. मी महिनाभर तिथेच झोपत होते, रोज बघितलं. विचारलं तर म्हणते, "झोप तू."

पुण्याच्या आत्याला हे कळलं. तिच्या ओळखीच्या एका जाणकारांनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की कावळा शिवला नाही आणि पाणी मागतायत, म्हणजे आत्मा अडकलाय, नारायण-नागबली करा. खर्च ऐकून भाऊ म्हणाला, एवढ्या पैशांत मी पुन्हा येऊन जाईन. इकडे आईकडे कामाला येणाऱ्या बेन छोटाउदेपूरकडच्या. त्या म्हणतात, आमच्या बडव्याकडे (त्यांच्यातला भगत) चला, तो दाणे बघून सांगेल, पैसे पण घेणार नाही.

मी देवधर्म फार करणारी नाही, उडवून लावणारीही नाही. माझा प्रश्न: जे घाईत झालं ते परत नीट करता येतं का? आणि आईसाठी काय करू?


सरळबोल

ताई, कावळ्याला भूक नव्हती. शेजारच्यांचा भात जास्त शिजलेला असेल. एवढंच आहे ते.

जाणकारांना नमस्कार सांगा आणि नंबर ब्लॉक करा. भीती घालून पैसे काढणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात २०१३ साली आणि गुजरातेत २०२४ साली कायदा झाला तो उगाच नाही. आईला चांगल्या डॉक्टरांकडे न्या.


निवृत्त_रावपुरा

सरळबोल यांच्याशी निम्मा सहमत. कावळ्याबद्दल नाही, जाणकारांबद्दल.

ताई, मी काही पुरोहित नाही, पण वडिलांचं आणि आईचं, दोन्ही वेळा गुरुजींना विचारून विचारून भंडावलं होतं. बडोद्याच्या माणसाला तो हक्क आहे. सयाजीराव महाराजांनी १९१५ साली या संस्थानात पुरोहित कायदा केला होता. पुरोहितानं परीक्षा द्यायची आणि यजमानाला मंत्रांचा अर्थ समजावून सांगायचा. कायदा संस्थानाबरोबर गेला, सवय आमच्या घरात राहिली.

पहिलं म्हणजे नारायणबली. तो दुर्मरणासाठी असतो: अपघात, आत्महत्या, बुडून जाणं, असं. नागबली नाग मारल्याच्या दोषासाठी. तुमचे वडील ८१ व्या वर्षी आजारानं गेले. तुम्हाला दोन्ही लागू नाहीत. हे जाणकारांना माहीत नसेल तर ते जाणकार नाहीत, आणि माहीत असेल तर मग काय बोलायचं.

दुसरं, दर्भाचा कावळा म्हणजे फसवणूक नव्हे. कावळा न येणं ही इतकी जुनी आणि नेहमीची गोष्ट आहे की परंपरेनंच त्याची सोय करून ठेवली. सपिंडीकरण झालं ना? त्यात गेलेल्या माणसाच्या पिंडाचे तीन भाग करून मागच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात. तिथून पुढे तो 'प्रेत' राहत नाही, 'पितर' होतो. आता तुमच्या भावानं पिंड दिला की रांग अशी: वडील, आजोबा, पणजोबा. म्हणजे ते खानगीतले कारकून आता रांगेत शेवटचे उभे आहेत, आणि त्यांच्या पुढचे जे कोणी होते ते परवा चांदोदला मोकळे झाले. मला हा हिशेब फार आवडतो. कुणाच्याच नावानं कायम पिंड नाही.

तिसरं, आणि हे वाचून मी खुर्चीतून उठलो. तुमच्या आई रात्री करतात त्याला नाव आहे. उदकुंभ. माणूस गेल्यावर वर्षभर रोज त्याच्या नावानं पाण्याचा कुंभ द्यायचा, हे उदकुंभ श्राद्ध. आता रोज कोणी करत नाही, गुरुजी एका दिवशी संकल्प सोडून मोकळे करतात. आईंना कोणी सांगितलं होतं का, की आपसूक करतायत? दोन्ही असू शकतं. पण तुम्ही ज्याला आजाराचं लक्षण समजताय ते वेड नाही. तांब्या काढून घेऊ नका.

जाता जाता, कीर्तिमंदिरात कधी आत जायला मिळालं तर नंदलाल बोसांचं गंगावतरण बघा. गायकवाडांनी आपल्या पूर्वजांच्या स्मरणासाठी बांधलेली इमारत, आणि भिंतीवर गोष्ट कोणती, तर सगराच्या साठ हजार मुलांना कोणी पाणी दिलं नव्हतं म्हणून नातवंड-पतवंडांनी केलेल्या खटपटीची.


पूर्वी_शाखेत_होतो

बडव्याबद्दल लिहितो, कारण इथे कोणीतरी लगेच "आदिवासी अंधश्रद्धा" म्हणेल. बँकेतल्या नोकरीत मी छोटाउदेपूर भागात सहा वर्षं काढली. पहिली दोन बदली मागण्यात गेली.

तिकडच्या राठवा आदिवासींच्या घरात दुखणं-खुपणं लागलं, बैल मेला, पाऊस रुसला की बडव्याकडे जातात. तो दाणे टाकून बघतो, आणि बऱ्याचदा उत्तर येतं की देवाचं काहीतरी बोललेलं राहून गेलंय. मग पिठोरा देवाचा नवस, म्हणजे भिंतीवर त्याचं चित्र काढून घ्यायचं. घरमालकाची ऐपत झाली की (कधी वर्षानं, कधी पाच वर्षांनी) ओसरीची मुख्य भिंत कुमारिका सारवतात, पांढरी करतात. लखारे (चित्रं काढणारे) रंग दुधात आणि महुड्याच्या, म्हणजे मोहाच्या, दारूत कालवतात आणि देवांचे घोडे काढतात. ढोल रात्रभर. बडवा अंगात येऊन भिंतीसमोर उभा राहतो आणि एकेक चित्र ओळखून सांगतो. काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे काढायला लावतो. एकदा आमच्या शिपायाच्या घरी मी असा उभा होतो. पहाटे चारला बडव्यानं सांगितलं, अमुक राहिलंय. लखाऱ्यानं कुरकुर न करता ब्रश उचलला. आमच्या ऑडिटरला इतकं मुकाट कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही. मग बोकड, आणि सगळं गाव जेवायला.

सांगायचं म्हणजे, बडवा काय म्हणाला याच्याइतकंच सगळं गाव रात्रभर तुमच्या ओसरीत जागं होतं, ही तिकडची गोष्ट आहे. ते तुम्हाला गाडी करून जाऊन घेऊन येता येणार नाही. बेननी आपुलकीनं सांगितलं, त्यांचे आभार माना. पण बडवा त्यांचा आहे. तुमच्या आईला त्यांची भाषाही नीट कळणार नाही. आपल्याकडची ओसरी कुठे गेली ते आधी शोधा.


सुरसागरकाठची

सगळ्यांचे आभार. रावपुऱ्याचे काका, उदकुंभाचं वाचून मी आईला फोनवर सांगितलं की तू करतेस त्याला शास्त्रात नाव आहे. ती म्हणाली, "मला शास्त्र शिकवू नकोस, गॅस बंद केलास का ते बघ." म्हणजे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

डॉक्टरांकडे नेलं होतं. त्यांनी झोपेची गोळी दिली. ती गोळी घेऊनही अडीचला उठते.


रात्रपाळी

मी नर्स आहे, बरीच वर्षं शेवटच्या आजाराच्या पेशंटांबरोबर. तीन महिने रडू न येणं, रात्री उठणं, याला लगेच आजार म्हणत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीतही लांबलेल्या शोकाचं निदान करायला किमान ६ महिने जावे लागतात. पण वजन उतरत असेल, जेवण सुटलं असेल, "मला पण ने" असं बोलायला लागल्या तर थांबू नका. मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे.

आणि त्यांना विचारा, आयसीयूत शेवटी काय झालं. तुम्हाला सांगणार नाहीत. मुलांना सांगत नाहीत. दुसऱ्या कोणाला विचारायला लावा.


खानदेशी_वहिनी

मी मांजलपूरला राहते, मूळची अमळनेरकडची. तुमच्या बेसण्याचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे माणूस गेला की बायका दारातूनच हेल काढत येतात. नुसतं रडणं नाही, बोलून रडणं. तो कसा होता, काय खायचा, तिला किती छळलं, सगळं त्या हेलात येतं. ज्या बाईचं माणूस गेलं तिच्या गळ्यात पडतात आणि दोघी रडतात. दुसऱ्या दिवशी दुसरी येते. दहा दिवसांत ती बाई पुरती रिकामी होते. माझी सासू गेली तेव्हा इथे फ्लॅटमध्ये मी हेल काढला, तर समोरचे भाऊ पळत पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "बेन, शांत रहो." झालं. तिथेच गिळलं मी ते.

आता आखाजी येतेय, तुमच्याकडे अक्षय तृतीया म्हणता. आमच्याकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात. वर्षाच्या आत गेलेला माणूस असला तर त्याची घागर मोठ्या मानाची. आणि त्याच सणाला लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. रडणं आणि झोका एकाच दिवशी. लोकांना विचित्र वाटतं, आम्हाला नाही वाटत. पितरांना दाखवल्याशिवाय आंबा खायचा नाही, हे तर तुमच्याकडेही असेल.

तुम्हाला चालणार असेल तर मी येते. घागर कशी मांडायची दाखवते. तुमच्या आईच्या वयाच्या दोन-तीन बायका बोलवा, पण "दर्शनाला" म्हणून नको. जेवायला बोलवा. आणि त्यांना सांगा, लवकर जायचं नाही.


सुरसागरकाठची

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. अक्षय तृतीया झाली.

आधी मी गुरुजींना विचारलं. त्यांनी उदकुंभदान सांगितलं, यादी दिली, मुलगा नसेल तर जावई चालेल म्हणाले. आईनं यादी वाचली आणि म्हणाली, "बघू." वहिनींना मी ओळखत नव्हते, मनात धाकधूक होती की अनोळखी बाई घरात येणार, आई काय म्हणेल. त्या सकाळी आठला रिक्षातून उतरल्या त्या एका हातात पुरणयंत्र आणि दुसऱ्या हातात कुरडयांचा डबा घेऊन. आईला नमस्कार केला आणि विचारलं, "काकू, पुरणाला डाळ किती घेतलीत?" आई म्हणाली, "अर्धा किलो." वहिनी म्हणाल्या, "पुरणार नाही." संपली ओळख.

आईच्या दोन मैत्रिणी आल्या. खालच्या भाडेकरूंच्या बा आल्या, ऐंशीच्या आहेत, त्यांना मराठी निम्मं कळतं. आणि बेन होत्या. बेनना मी कामाला नको, जेवायला या म्हटलं होतं, पण आल्या आल्या त्यांनी भांडी घासायला घेतलीच.

मधल्या खोलीत बाबांचा पलंग होता तिथे पाट मांडला. नवी घागर, गळ्याला लाल दोरा, हळदीकुंकू, आत वाळ्याची जुडी. वर छोटं मडकं, त्यावर आंबा. घागर भरायला माझा नवरा सोवळं नेसून उभाच होता. आई स्वयंपाकघरातून आली, त्याच्या हातातला तांब्या घेतला आणि म्हणाली, "मी भरते." वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी जावयाकडे पाहिलं, तो बिचारा मागे सरकला. गुरुजी नव्हते, म्हणून हे जमलं.

ती मोजून तांबे ओतत होती. एक, दोन, तीन. घागर सहाव्यालाच भरली, पाणी पाटावर आलं, तरी ओतत राहिली. वहिनी म्हणाल्या, "काकू, बास ना." आई म्हणाली, "नऊ." वहिनींनी विचारलं, "नऊ कशाला?" आणि आईनं त्यांना सांगितलं. मला नाही, त्यांना. मी दोन हातांवर उभी होते, माझ्याकडे पाहिलंही नाही.

आयसीयूत बाबांना पाण्याचं माप होतं. दिवसाला पाऊण लिटर, औषधांसकट. ते सारखं पाणी मागायचे. आत एकालाच सोडत, आणि आई माझ्याआधी रांगेत उभी राही. ती कापसाचा बोळा भिजवून ओठांवर फिरवायची. शेवटच्या दिवशी दुपारी तीनला ते म्हणाले, "एक घोट." आईनं घड्याळ पाहिलं. पुढचं माप चारला होतं. ती म्हणाली, "चारला देते." तीन-वीसला ते गेले.

हे सगळं तिनं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. आणि मग तोंडातून जो आवाज आला तो मी तिचा कधी ऐकला नव्हता. वहिनींनी तिला धरलं आणि त्यांनीही हेल काढला, स्वतःच्या सासूच्या नावानं! आईच्या मैत्रिणी त्यांच्या त्यांच्या माणसांना रडायला लागल्या. बा गुजरातीत कोणाला तरी हाक मारत होत्या. मला वाटलं आता गल्लीतले लोक जमणार, आणि झालंच, बांची सून धावत पाण्याचा ग्लास घेऊन वर आली. वहिनींनी एका हातानं आईला धरून दुसऱ्या हातानं ग्लास घेतला आणि स्वतःच गटागटा पिऊन टाकला. "बस आता तू पण," म्हणाल्या तिला.

किती वेळ चाललं माहीत नाही. पुरण आटून दगड झालं. पूर्वी_शाखेत_होतो, तुमची ओसरी आठवली मला.

मग जेवणं झाली, दीड वाजता होणार होती ती साडेतीनला. निखाऱ्यावर बाबांच्या, आजोबांच्या, पणजोबांच्या नावानं घास टाकला. आमरसाची वाटी ठेवली. बेन कोपऱ्यातून म्हणाल्या, आमच्यात तर पिण्याआधी महुड्याची धार जमिनीवर पाडतात म्हाताऱ्यांच्या नावानं, पाण्यानं त्यांचं काय होणार! आई हसली. हसली म्हणजे नाकातून.

बरी झाली का? नाही. अजून अडीचला उठते. तांब्याही ठेवते. फरक इतकाच की मला हाक मारते, "जागी आहेस का?" मग आम्ही चहा करतो. आत्याचे मेसेज चालू आहेत. कावळ्याबद्दल आईला मी शेवटी सगळं सांगितलं, तो शेजारच्यांकडे गेला तेही. तिचं म्हणणं, तुझ्या बाबांना रांगेत उभं राहायला कधीच आवडायचं नाही.


रात्रपाळी

मूत्रपिंड बंद पडत असताना पाणी जास्त गेलं तर ते फुप्फुसात साठतं, माणूस गुदमरतो. माप त्यासाठी असतं. तहान मात्र तोंड कोरडं पडल्याची असते, आणि तिच्यावर ओला बोळा हाच उपाय. आईंनी नेमकं बरोबर तेच केलं, हे त्यांना सांगा, नर्सनं सांगितलंय म्हणून.

दुसरी गोष्ट तुमच्यापुरती. शेवटच्या वीस मिनिटांत एक घोट दिल्यानं किंवा न दिल्यानं काहीच बदललं नसतं. हे त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. काहींना त्यानं हलकं वाटतं, काहींना वाटतं, मग द्यायला काय हरकत होती. आमच्याकडे आता असा शेवटचा टप्पा दिसला की मी घरच्यांना एक चमचा देऊ देते. नियम मोडते, हो.


निवृत्त_रावपुरा

नऊ तांबे. बरोबर आहे.


सरळबोल

मी काही बोलत नाही. कावळ्याबद्दलचं माझं मत तेच आहे.

ताई, ती घागर कुठून घेतलीत? आमच्याकडे फ्रिजचं पाणी आईला सोसत नाही आणि मॉलमधली मडकी रंग लावलेली असतात.


सुरसागरकाठची

फत्तेपुऱ्यात, कुंभारवाड्यातून. सकाळी लवकर जा, ठोकून आवाज ऐकून घ्या. मी दीडशे म्हटल्यावर दिले, वहिनी म्हणतात ऐंशीच्या वर द्यायची नव्हती. पहिले दोन-तीन दिवस फार झिरपते. खाली परात ठेवा.